जादा कूलर

आमची गाडी ऑटोमॅटिक, सतरा वर्षांची. बायकोला, शैलजाला, दर महिन्याला मुंबईच्या हॉस्पिटलात न्यायचो आणि नाशिकला परतताना कसारा घाटात हमखास गिअरबॉक्स तापायचा. मग गाडी कडेला घेऊन अर्धा तास थांबणं आलं. औषधांनी गळून गेलेल्या बाईला असं घाटात बसवून ठेवायचं, मला त्या गाडीचा संताप यायचा. वेळ जावा म्हणून मी तिला एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनमधल्या माझ्या नोकरीच्या गोष्टी सांगत बसायचो.

गिअरबॉक्ससाठी जादा कूलर बसवून घ्यायचा, असं गॅरेजवाल्या हर्षलला सांगून ठेवलं होतं. विचारलं की त्याचं एकच उत्तर, "काका, पार्ट अजून आला नाही."

शैलजाला जाऊन दीड महिना झाला. काल हर्षलने स्वतःहून फोन केला, या म्हणाला. मीही नाही म्हटलं नाही. त्याने पुढच्या जाळीमागे कूलर बसवला, पाइप जोडले, ऑइल भरलं.

"आता घाटात कुठंच थांबावं लागणार नाही, काका."

"सहा महिने लावलेस रे," मी म्हणालो. "तिच्या वेळेला आला असता तर..."

त्याने फडक्याला हात पुसले.



"पार्ट तेव्हा आठवड्यातच आला होता, काका. काकूंनीच फोन करून थांबवलं. म्हणाल्या, इतक्यात बसवू नकोस, तेवढा अर्धा तासच हे माझ्याशी बोलतात."