आवाजाची पट्टी

निवृत्त ग्रंथपाल दिगंबर हर्डीकर आता फोनवर न अडखळता बोलत, कारण गळ्याभोवतीची मऊ पट्टी त्यांचे अडलेले शब्द मोकळे करून स्वतःच्या आवाजात पुढे धाडी. पट्टी येण्याआधी ‘प’ जिभेवर चढत नसे, म्हणून ते हॉटेलात पाण्याऐवजी जल मागत.

वर्षभर फोनवर गप्पा मारल्यावर आज पद्मावतीबाई प्रथमच बागेत त्यांच्या शेजारी बसल्या होत्या.

“फोनवर तासन्‌तास मला वेदान्तातली माया समजावता,” त्या म्हणाल्या, “आणि समोर आल्यावर मुके? लग्नाचं विचारलंय मी. परीक्षा नाही घेत.”

बाईंना आवडलेला आवाज आपला नाहीच, हे हर्डीकरांना डाचत होतं. त्यांनी पट्टी काढून बाकावर ठेवली.

“प... प... प...” नाव पुरं होईना. त्यांनी मान खाली घातली.

बाईंनी पट्टीकडे पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं.

“म्हणजे वर्षभर ही बया माझ्याशी बोलत होती?”

“श... शब्द माझेच होते.”

“मग नाव पुरं करा. मी बसलेय.”

बराच वेळ गेला.

“प... प... पद्मावती.”

“माझ्या नावापाशी इतका वेळ कुणी थांबलं नव्हतं,” त्या हळूच म्हणाल्या. “आता उत्तर द्या. सावकाश.”

“ह... हो.”