मुक्या जिवांसाठी

मक्यापासून इंधन काढणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर तपासनीसाने ट्रकमधला मूठभर मका हुंगला आणि तोंड फिरवलं. "बुरशी लागलीय. परत न्या."

"अहो साहेब, इंजिनाला कुठे पोट असतं?" ड्रायव्हर म्हणाला.

"इंजिनाला नसतं. पण उरलेला चोथा जनावरं खातात, आणि सगळं विष त्यातच उतरतं. मुक्या जिवांचा तळतळाट घेऊ?"

ड्रायव्हरने तिथूनच मालकाला फोन लावला. "जनावरांना चालणार नाही म्हणतात... बरं, बरं. पिठाच्या गिरणीवर खाली करतो."

ट्रक वळला. तो दिसेनासा होईपर्यंत तपासनीस बघत राहिला. मग त्याने बायकोचा नंबर फिरवला.

"ऐक, काही दिवस गिरणीतलं तयार पीठ आणू नकोस. आणि शेजारीपाजारी बोलू नकोस."