भुईवरच्या रेघा

नजर गेलेल्या हरणाबाईला कायमचं न्यायला तिचा लेक धुळाप्पा आणि सून साखर कारखान्याच्या चाळीतून आले होते. घराला कुलूप लावण्याआधी सुनेनं मायेनं सगळी भुई शेणानं गुळगुळीत सारवली. भुई वाळल्यावर हरणाबाई लेकाला पाणी द्यायला उठली आणि रांजणाऐवजी भिंतीवर आदळली. “बघ आये, म्हणून म्हणतो चल,” लेक म्हणाला. “तिकडं नळ हाय, दवाखाना हाय, घरात फरशी हाय.” म्हातारी खाली बसली आणि भुईवरून हात फिरवत राहिली. “सूनबाई, माझ्या रेघा कुठं गेल्या गं?” “कसल्या रेघा, आत्या?” “सारवताना म्या बोटांनी ओढते त्या. सरळ रेघ रांजणाची, तिरपी शेळीची, गोल चुलीची. तळव्याला कळतं. फरशीवर कशा ओढू, धुळाप्पा?” सुनेनं सासूचं गाठोडं सोडलं आणि दुष्काळात अंघोळीला राखलेलं पाणी शेणात ओतलं.

भुई पुन्हा सारवली आणि सासूनं सुनेचा हात धरून तिच्याकडून रेघा ओढून घेतल्या. त्या वाळल्यावर लेकानं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, डोळे मिटले आणि आत पाऊल टाकलं. तो गेला तो थेट शेळीच्या अंगावर. शेळी ओरडली तशी हरणाबाई हसली. “तिरपी धरलीस. कारखान्यात एवढं शिकवत न्हाईत व्हय? परत फिर, दारापासनं धर.” लेक मुकाट्यानं उंबऱ्याशी आला आणि त्यानं पुन्हा डोळे मिटले. या खेपेला हात रांजणाला लागला. तांब्या भरून त्यानं डोळे न उघडताच विचारलं, “आये, तू कुठं हाईस?” “हाय तिथंच हाय,” ती म्हणाली.