गुलाब आहे तोवर

शिवगंगाबाईंनी गुलाबाची मुळं उघडी केली आणि खुरपं बाजूला ठेवलं.

"लई बेस केलाव, अक्का," कुंपणापलीकडून शेजारची नागम्मा म्हणाली. "आता आठ दिवस ऊन खाऊ द्या. मग शेणखत भरा."

"हाव," शिवगंगाबाई म्हणाल्या. खत भरायचा त्यांचा विचार नव्हता.

दसऱ्यानंतर छाटणी, मग मुळांना ऊन, मग खत. असं केलं की संक्रांतीला झाड फुलांनी लवतं. हे सगळं त्यांना नवऱ्यानं, बसलिंगप्पांनी शिकवलं होतं. गुलाब जगवायला शिकलेल्या माणसाला तो मारायचा कसा हे वेगळं शिकवावं लागत नाही.

हे कलम बसलिंगप्पांनी स्वतः बांधलं होतं. ते गेले तेव्हा मुलगा दयानंद हैदराबादहून आला आणि "अव्वा, चल माझ्याकडं" म्हणून हट्ट धरून बसला. चार पाहुण्यांसमोर शिवगंगाबाई ताठ्यात बोलून गेल्या, "त्यांचा गुलाब जिता हाय तोवर मी उदगीर सोडणार न्हाई." पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दयानंदनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

बोलून गेल्या आणि अडकल्या. गुडघे कुरकुरू लागले. दिवेलागणीला घर खायला उठे. एकटीसाठी भाकरी थापायचा कंटाळा येई, मग दुधात सकाळचा तुकडा कुस्करून त्या टीव्हीपुढं बसत. नातीचा आवाज ऐकला की फोन ठेववत नसे. पण "मला घेऊन जा" म्हणायला जीभ रेटत नव्हती. जन्मात कुणापुढं हात पसरला नव्हता, पोटच्या पोरापुढं तरी कसा पसरायचा? झाडच गेलं तर शब्दही राहील आणि मानही.

दयानंद दर रविवारी फोन करी.

"अव्वा, गुलाब कसा हाय?"

"हाय की."

"भुरी पडली तर लगेच सांग, औषध पाठवतो. सांजच्याला पानं भिजवू नको."

"न्हाई भिजवत."

मागून सून उज्वलाही विचारी, "कळ्या आल्या का हो?"

फोन ठेवून शिवगंगाबाई उठत आणि मावळतीला पानांवर पाणी मारत. पोराचं कौतुक वाटे. बापाच्या झाडावर केवढी माया! नागम्मालाही तो मधूनच विचारून घेई, अव्वा शेणखत घालते ना म्हणून. आपला शब्द मोडू नये म्हणून बिचारा मन मारून राहिलाय, असं वाटून त्यांना स्वतःचाच राग येई.

पौषातल्या गारठ्यात पानं पांढरी पडून गळाली. फांद्या काळ्या झाल्या. एका सकाळी त्यांनी बुंध्याला नख लावून पाहिलं. आत हिरवं काही उरलं नव्हतं. त्या तिथंच मातीत बसून रडल्या. "माफ करा हो," गेलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "पर एकटीनं न्हाई होत आता."

मग डोळे पुसून त्यांनी फोन लावला.

"दया, गुलाब वाळला रे."



"पक्का वाळला?"

"पक्का."

"रविवारी येतो," दयानंद म्हणाला. "गाडी घेऊनच येतो."

त्या आठवड्यात शिवगंगाबाईंनी मनातल्या मनात पुष्कळ मांडे खाल्ले. दूधवाल्याला सोमवारपासून नको म्हणून सांगितलं. इरकल लुगडी बॅगेत भरली. नातीसाठी शेंगदाण्याचे लाडू वळले. घराची किल्ली नागम्माकडं ठेवायचं ठरलं.

"नशीब काढलाव, अक्का," नागम्मा म्हणाली.

रविवारी दुपारी गाडी दारात आली. दयानंद पाया पडला आणि तडक परसात गेला. वाळक्या खोडापुढं तो चेहरा पाडून उभा राहिला, मग गाडीकडं वळला आणि त्यानं डिकी उघडली.

शिवगंगाबाई दाराआडची बॅग उचलून लगबगीनं पायरी उतरल्या.

दयानंदची त्यांच्याकडं पाठ होती. काळ्या पिशव्यांतली दोन गुलाबाची रोपं त्यानं जपून खाली उतरवली.

"काही काळजी करू नको, अव्वा. वाटेत झहीराबादला अगदी तसलंच कलम मिळालं. दोन आणली, एक गेलं तरी एक राहील. तुझा फोन आल्यापासून उज्वलाच्या डोळ्याला डोळा न्हाई."