बाकीची पुस्तकं

“लंगड्या हेराखेरीज त्यांनी आणखी काय लिहिलंय ते वाच आणि मला दहा ओळींत सांग,” असं म्हणून ग्रंथपालबाईंनी सात पुस्तकं तिच्या टेबलावर ठेवली. लेखकाला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती आणि वाचनालयातलं प्रदर्शन सोमवारी होतं.

लंगड्या हेराच्या एकतीस कादंबऱ्या सदैव कुणा ना कुणाच्या घरी असत. ही सात मात्र कपाटात सुखाने झोपली होती. वाचनालयात नोकरी करूनही तिने त्यांना कधी हात लावला नव्हता. नवरा या लेखकाचा निस्सीम भक्त, पण त्यानेच नाक मुरडलं होतं, “हेराच्या वाच. बाकीची टुकार आहेत.”

टुकार कसली! पहिल्या तीन कादंबऱ्या तिने तहानभूक विसरून वाचल्या. एकीत तर खूनच नव्हता. नुसती एक म्हातारी शेजाऱ्यांची पत्रं उघडून वाचत होती, तरी अंगावर काटा आला.

चौथीत ती सव्विसाव्या पानावर थबकली. अकरा वर्षांचा मुलगा धाकट्या भावाला घेऊन नदी ओलांडतो. शिट्टी वाजवायच्या नादात भावाचा हात सुटतो. तो मुलगा पुढे जन्मभर शिट्टी वाजवत नाही.

तिने पुस्तक मिटलं.

हे तर तिच्या नवऱ्याच्या आयुष्यात घडलं होतं. लग्नाआधी त्याने रडत रडत तिला सांगितलं होतं. त्याला ना आईवडील, ना कुणी नातलग. ‘आगापिछा नसलेला माणूस’ म्हणून तिच्या वडिलांनी साफ नकार दिला होता. त्या बुडालेल्या भावासाठी ती वडिलांशी भांडली आणि घर सोडून आली. आठ वर्षं झाली, वडील अजून बोलत नव्हते. दर महिन्याला नवरा त्या नदीकाठी एकटा जाऊन राही. ती डबा भरून देई आणि काही विचारत नसे.

आत्ताही तो तिथेच होता. त्याला फोन करून हे सांगायचं तिच्या जिवावर आलं. त्याने भाबडेपणाने कधीतरी लेखकापाशी मन मोकळं केलं असणार, आणि या माणसाने ते छापून खुशाल बाजारात मांडलं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेखकाचा पत्ता वाचनालयाच्या फाइलीत होता.

दार लेखकानेच उघडलं. स्वेटरची बटणं वरखाली लागली होती.

“माझ्या नवऱ्याचं दुःख विकलंत तुम्ही,” ती उंबऱ्यातूनच म्हणाली आणि पुस्तक त्याच्यापुढे धरलं. “नदी, भाऊ, शिट्टी. लाज नाही वाटली?”

“ते मी रचलंय,” तो शांतपणे म्हणाला. “पाय मोडून घरी पडलो होतो तेव्हा. आमच्या गावाला नदीसुद्धा नाही.”

“खोटं! तो दर महिन्याला जातो तिथे.”

“किती दिवस?”

“तीन.”

म्हाताऱ्याने खुर्ची पुढे ओढली. “बसा, बाई.”

ती बसली नाही. तिने मोबाइलवरचा नवऱ्याचा फोटो त्याच्या डोळ्यांसमोर धरला. “याला ओळखत नाही म्हणून सांगा बरं!”

“ओळखतो. याला भेटलो कधीच नाही, पण तुमच्या आधी दोघीजणी याचाच फोटो दाखवून, ‘माझ्या नवऱ्याचं दुःख विकलंत’ म्हणून भांडून गेल्या.”