ग्रुपवर जाहिरात चालणार नाही

धाकट्या दिराची पोस्ट तिने उडवली तेव्हा तिचा चहा गरम होता. चहा निवेपर्यंत पठ्ठ्याने तीच पोस्ट पुन्हा टाकली. वर तोच फोटो, भिंतीवरचा लाकडी रॅक आणि त्याचे चकचकीत लोखंडी आकडे. खाली पहिली ओळ, 'सगळ्यांनी जरूर वाचा आणि पुढे पाठवा.' अशा सुरुवातीच्या पोस्टी तिने ढिगाने पाहिल्या होत्या. पुढचं न वाचताच तिने हीही उडवली.

स्नोबोर्ड खेळणाऱ्यांचा हा ग्रुप तिने एकटीने उभा केला होता. बर्फावर वळण कसं घ्यायचं इथपासून हिवाळा संपल्यावर बोर्ड घरात कुठे ठेवायचे इथपर्यंत तिथे तासन्‌तास खल चालायचा. लोक तिला 'ॲडमिनबाई' म्हणायचे. अर्धे प्रेमाने, अर्धे दात-ओठ खात.

दात-ओठ खाणारे वाढले ते हिवाळा सरताना. तिने सल्ला दिला होता की बोर्ड गॅरेजच्या ओलीत टाकू नका, पोलादी कडा गंजतात. पुसून, मेण लावून घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत भिंतीवर आडवे ठेवा. सोबत घरच्या रॅकचा फोटो. रॅक कोणी बनवला, असं लोकांनी विचारलं, तिने दिराचं नाव सांगितलं. दीर सुतार, हात सोन्याचा आणि धंदा बेताचा. बघता बघता निम्म्या ग्रुपने त्याचे रॅक नेले.

मग कोणीतरी नातं हुडकून काढलं. 'फुकटचा रॅक आणि घरची जाहिरात!' दोन दिवस नुसता शिमगा चालला होता. ग्रुप दुसऱ्याच्या हाती द्या, असंही लोक म्हणू लागले. ती रडली, जेवण जाईना. शेवटी तिने जाहीर माफी मागितली आणि नियम केला, स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या मालाबद्दल ग्रुपवर चकार शब्द नाही.

तेवढ्याने तिचं मन भरेना. भेट आलेला रॅक तिने उतरवून गॅरेजात टाकला आणि एका मैत्रिणीला पाठवून दिराकडूनच नवा विकत आणवला. आता कोणी 'फुकटचा' म्हणून दाखवावं! मुलीच्या खोलीत, पलंगावरच्या भिंतीवर, घरातले दोन्ही बोर्ड पुन्हा विराजमान झाले. दिराला तिने काही कळू दिलं नाही. उगाच त्याचं मन कशाला दुखवा?

आणि आता हाच शहाणा तिच्या मेहनतीवर पाणी ओतायला निघाला होता.

फोन वाजला. तोच होता.

"वहिनी, ती पोस्ट..." त्याने घसा खाकरला. एक वाक्य पुरं करायला त्याला तीनदा घसा खाकरावा लागे. "एक दिवस तरी राहू द्या."

"भाऊजी, नियम सगळ्यांना सारखा."

"माहीत आहे. पण माझं गिऱ्हाईक सगळं तुमच्याच ग्रुपमधलं. कोण कुठे राहतं, मला काय ठाऊक? त्यांच्यापर्यंत पोचायला दुसरा रस्ता नाही हो."

"म्हणून माझ्या डोक्यावर पाय देऊन पोचणार?"

"तसं नाही. तुम्ही ती नीट बघितलीत का?"

"फोटो बघितला. तेवढा पुरे झाला."

"वहिनी, मला लाज वाटते बोलायला, पण..."

आतून टक् असा आवाज आला. मुलीच्या उशाशी पेन्सिल होती, तीच पडली असणार. पोर सकाळपासून तापाने फणफणली होती, आत्ता कुठे डोळा लागला होता तिचा.

"मुलगी आजारी आहे, भाऊजी. मला नका त्रास देऊ."

तिने फोन ठेवला, त्याचा नंबर बंद केला आणि त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. लग्नात तिच्या माहेरच्यांना हवं-नको बघत फिरणारा हाच दीर. नवरा बाहेरगावी होता, तो आल्यावर त्याला काय सांगायचं? वाईट वाटत होतं, खूप वाईट वाटत होतं. तरी तिने ग्रुपवर लिहिलं, 'नियम मोडल्याबद्दल एका सदस्याला काढले आहे. नाते पाहिलेले नाही.'

धडाधड अंगठे आले. सगळ्यात जास्त ओरडणाऱ्यानेही लिहिलं, 'ॲडमिनबाई, मानलं तुम्हाला.' कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर दीर. अंगावर लाकडाचा भुसा, धावत आल्यासारखी धाप लागलेली.

ती दारातच आडवी उभी राहिली. "हळू बोला, मुलगी झोपली आहे. आणि पोस्टीचं काढायचं असेल तर आल्या पावली परत जा."

"वहिनी, मला विकायचे नाहीत हो. परत घ्यायचेत."

"काय?"

"रॅक. सगळे." त्याने घसा खाकरला. "आकडे बाहेरून आणले होते, सगळी खेप खराब निघाली. एका बोर्डाला दोन आकडे. एक आधी तुटतो, टक् करून, कोणाच्या लक्षातही येत नाही. मग सगळा भार दुसऱ्यावर. काल एकाच्या घरी बोर्ड खाली आला, पोलादी कडेवर. खाली त्यांचं कुत्रं झोपलेलं. गेलं बिचारं. म्हणून म्हणतोय, पाया पडतो, लोकांना कळवा."

तिची मान आपोआप मुलीच्या खोलीकडे वळली.

तो तिच्याकडे बघून कसनुसा हसला. "तुम्ही नका घाबरू. तुमचा तो जुना रॅक, त्याचे आकडे मी माझ्या हाताने घडवलेत. तुमची काळजी नव्हती मला."

आतल्या खोलीतून टक् असा आवाज आला.