दुसऱ्या दिवशीची सायकल

"आता पायडल मारा. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही," डॉ. श्रेया म्हणाल्या.

किर्तीने एकदा मालनकडे बघितलं आणि पाय दाबला. सायकल जागची हलणारी नव्हती. किर्तीच्या नाकातोंडावर रबरी मास्क, छातीला वायरी, बोटाला चिमटा. पडद्यावर हिरवी रेघ चढू लागली. मालन भिंतीला पाठ लावून उभी होती. शेजारी खुर्ची होती, पण धाकटी बहीण धापा टाकत असताना तिला बसवेना.

महिन्यापूर्वी किर्तीने हिंदमाता बाजारातल्या साडीच्या दुकानातून बिनपगारी रजा घेतली होती. चार भांडी घासली की ती ओटा धरून उभी राहायची. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायची. एक दिवस काम केलं की दुसरा दिवस अंथरुणात. दोघींना साथीतला तो मोठा ताप एकाच आठवड्यात येऊन गेला होता, त्याला आता तीन वर्षं होत आली. मालनने लालबागचं पोळीभाजी केंद्र पंधरा दिवसांत पुन्हा उघडलं होतं. पहाटे पाचला कणीक, दुपारपर्यंत दोनशे पोळ्या. आई गेली तेव्हा किर्ती नऊ वर्षांची होती. तेव्हापासून मालनला आजारी पडायची सवडच नव्हती.

शेजारच्या मनूकाकी जाता-येता ऐकवायच्या, "काय एक झाला नाय तिका. नाटकां करता."

एकदा मालन गॅलरीत उभी राहून त्यांच्याशी कडाकडा भांडली. इतकी, की नंतर तिचे हातपाय कापत राहिले. दुसऱ्या दिवशी किर्ती परळच्या इस्पितळातला कागद घेऊन आली. श्रमानंतर काहींचं शरीर का कोसळतं, याचा तिथे अभ्यास चालू होता. एकाच घरातली दोन माणसं हवी होती, एक आजारी, एक धडधाकट. दोघांनीही लागोपाठ दोन दिवस तीच सायकल चालवायची.

"येशील ना ताई? एकटीला घेत नाहीत."

"विचारतेस काय? दोन दिवस केंद्र बंद ठेवू."

फॉर्म किर्तीनेच भरले. ती बोट ठेवील तिथे मालनने सह्या केल्या. डॉक्टरांचे प्रश्न संपता संपत नव्हते.

"काम जास्त झालं की दुसऱ्या दिवशी काय होतं?" त्यांनी मालनला विचारलं होतं.

"काय व्हायचंय? उठवत नाही. अंगात शिसं ओतल्यासारखं."

"आणि झोप झाल्यावर?"

"झोपेने काही फरक नाही पडत हो." मालनला हे सगळं पाठ होतं.

पहिला दिवस निभावला. किर्ती उतरली, मग मालन चढली. दोघींचं रक्त घेतलं. घरी जाताना किर्ती टॅक्सीत रडत होती.

"घाबरू नकोस," मालन तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी मालनने डॉक्टरांना दारातच गाठलं. "आज हिला नको. परत झेपायचं नाही."

"आजचाच दिवस खरा," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या दिवशी आजारी आणि निरोगी जवळपास सारखेच दिसतात."

किर्तीने मुकाट्याने मास्क लावला. मालनने तिच्यावरची नजर काढली नाही. किर्ती कधी कोसळेल, याचीच तिला धास्ती होती.

मग मालनची पाळी. चौथ्या मिनिटाला मांड्या दगडासारख्या झाल्या. पडदा धूसर दिसू लागला. रात्रभर काळजीने डोळा लागला नव्हता, त्याचंच हे. पण ती थांबली नाही. धडधाकट माणसानेच पाय टेकले, तर डॉक्टर किर्तीची तुलना करणार कुणाशी?

"ताई, पुरे!" किर्ती ओरडली. "डॉक्टर, थांबवा तिला!"

मालनला दोघींनी धरून उतरवलं.

किर्तीला एकटं सोडवेना, म्हणून केंद्र आणखी चार दिवस बंदच राहिलं. आठवड्याने बोलावणं आलं.

डॉ. श्रेयांनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "पहिल्या दिवशी दोघींचे आकडे सारखे. दुसऱ्या दिवशी एकीचे एकदम खाली आलेत. हृदय ठीक आहे, फुप्फुसं ठीक आहेत. ऑक्सिजन स्नायूंपर्यंत पोचतोय, पण त्यांना तो वापरता येत नाहीये."

मालन पुढे झुकली. "म्हणजे... नाटक नाही ना?"

"हे आकडे ठरवून पाडता येत नाहीत. आजार खरा आहे. आणि अंगावर काढला तर बळावेल. आजपासून सगळी ओढाताण बंद."

महिनाभर अडवून धरलेलं रडू मालनला आवरेना. तिने किर्तीला जवळ ओढलं. "ऐकलंस? आता कोण काय बोलतो बघते मी. उद्यापासून तू काडी इकडची तिकडे करायची नाहीस. सगळं मी करीन."

किर्तीने मान वर केली नाही. तिचे खांदे गदगदत होते.

डॉक्टर गोंधळून दोघींकडे बघत राहिल्या.

"अहो मालनताई, किर्ती अगदी ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "आजारी म्हणून त्यांनी तुम्हाला आणलंय."

"स्वतःसाठी तू आली नसतीस ताई," किर्ती पुटपुटली, "म्हणून महिनाभर नाटक मीच केलं."